जाताना थंड, येताना गरम

मागच्या महिन्यात माझ्या गाडीचा एसी बिघडला म्हणून वसईतल्या वालीवला संतोषच्या गॅरेजात गेले होते. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "मॅडम, हीटरचं कॉइल पण गळायला लागलंय. बायपास करून टाकू का? आत्ता होईल."

"हात लावलास तर बघ," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्या गाडीखाली आडवा होऊन काम करणारा माणूस सरपटत बाहेर आला आणि माझ्याकडे बघत बसला. संतोषने डोकं बाहेर काढलं, हात फडक्याला पुसले आणि हळूच म्हणाला, "दामूकाका?"

मी मान हलवली. मग तो पुन्हा एसीकडे वळला.

दामूकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. खरं तर आम्हीच त्यांच्या डोक्यावर राहायला आलो होतो. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वाडीवर. खाडीच्या अंगाची वाडी, केळी, भाजी, मागे थोडी भातशेती. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात तळमजल्याचा फ्लॅट घेतला आणि कंपाउंडच्या पलीकडे उरलेल्या पट्टीत केळी लावत राहिले. पण वाडी गेली हे त्यांच्या जिभेला कधी पटलंच नाही. जिथे आमचं पार्किंग आहे तिथे पूर्वी त्यांची विहीर होती. त्यामुळे "गाडी कुठे लावलीत?" असं विचारलं की उत्तर यायचं, "विहिरीवर लावलीय ना." नवीन भाडेकरू घाबरून जायचे.

काकी गेल्या, काका मुलीकडे पुण्याला गेले, त्याला आता दोन पावसाळे झाले. जाताना फ्लॅटची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. केळीची पट्टी मी काही सांभाळू शकले नाही, ते असो.

माणूस बघायला साधा. पांढरा शर्ट, घोट्याच्या वर दुमडलेली पँट, खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. हा स्क्रू ड्रायव्हर लग्नकार्यातही खिशात असायचा. त्यांना वाटायचं की जगात बिघडलेलं काहीही आपण उघडलं की नीट होतं. वाडीवर डिझेलचं इंजिन होतं, ते ते स्वतःच उघडायचे, स्वतःच जोडायचे, त्यावरून त्यांचा असा समज झालेला. कुठलीही वस्तू बिघडली की आधी तिला कान लावायचे आणि आजूबाजूच्यांना म्हणायचे, "गप. ऐकू दे." एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा मी ऑफिसच्या घाईत, आणि हे लिफ्टच्या दाराला कान लावून उभे. "काका, ती बंद आहे, आवाज कुठून येणार?" म्हटलं तर म्हणाले, "तेच तर ऐकतोय."

माझा मिक्सर त्यांनी दुरुस्त केला त्याची गोष्ट आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे. मिक्सर चालू झाला, नाही असं नाही. पण एकवर ठेवला की तीनच्या वेगाने फिरायचा आणि तीनवर ठेवला की रेंगाळायचा. पहिल्या दिवशी चटणी छताला. मी तणतणत खाली गेले, तर काका शांतपणे म्हणाले, "चालतो ना? मग उलटा मोज." दारात मालतीकाकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगो वैशाली, माझं सगळं घर असं उलटंच मोजते मी," म्हणाल्या. मला हसू आलं आणि भांडण तिथेच संपलं.

त्याच काकींची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही हायवेलगतच्या हॉस्पिटलात. पहिले काही दिवस दोघं रिक्षाने जायची. खड्डे, वालीवकडून येणारे ट्रक, धूळ. काकी घरी पोचायच्या तेव्हा तोंडावर मातीचा थर असायचा. मग काकांनी एक जुनी गाडी घेतली आणि त्या वयात गाडी शिकले. शिकवणारा त्यांच्यावर खेकसायचा, कारण काका हॉर्नच वाजवायचे नाहीत. "लोकांना दचकवायचं कशाला?" म्हणायचे. वळताना इंडिकेटर द्यायचेच, शिवाय काच खाली करून हातही बाहेर काढायचे. तेवढ्या वेळात सगळी धूळ आत. काकी खोकायच्या आणि म्हणायच्या, "अवो, हात घरी ठेवून येत जा."

मी शनिवारी त्यांच्याबरोबर जायची. बाकीचे दिवस माझं ऑफिस. स्वतःची गाडी मी तेव्हा घेतली नव्हती, लायसन्स नुसतं पर्समध्ये पडून असायचं. मी जायची ती काकींना आधार द्यायला असं सगळ्यांना वाटायचं, पण खरं म्हणजे मी काकांच्या ड्रायव्हिंगच्या धास्तीने जायची.

पहिला त्रास एसीचा. निघालो की गार हवा, आणि वाटेतल्या पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या की भसकन गरम. जाताना काकींच्या अंगात पाणी साठलेलं असायचं. श्वास पुरा पडायचा नाही. काच उघडली तर धूळ, बंद ठेवली तर गुदमर. काका हाताची मागची बाजू एसीच्या जाळीसमोर धरायचे. त्यांचा तो थर्मामीटर. चहाचा कप असो, तान्ह्या मुलाचं कपाळ असो, मोटरचा पत्रा असो, ते हात उलटा करूनच बघायचे. "नाय, गेला," म्हणायचे आणि तोंड एवढंसं व्हायचं.

ज्या गॅरेजात जावं तिथे एकच औषध. "गॅस कमी आहे काका, गॅस भरून घ्या." गॅस भरला की गॅरेजच्या दारात गाडी हिमालय. पुलावर आली की पुन्हा तेच. शेवटी वालीवला संतोष भेटला. पोरगा नालासोपाऱ्यात वाढलेला, बोलणं मुंबईचं, पण कामाला प्रामाणिक. त्याने पुढचा पंखा बदलला आणि एसी खरोखर सुधारला. काकांनी त्याला केळीचा अख्खा घड नेऊन दिला. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण येतानाचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

डायलिसिस झालं की काकींना थंडी वाजायची. साधी नाही हो, दात वाजायचे, पाय बर्फ. हॉस्पिटलातली सिस्टर म्हणायची, "होतं असं काहींना, पांघरूण घाला." बाहेर मे महिना. आम्ही तिघं गाडीत, काचा बंद, एसी बंद, काकींच्या अंगावर गोधडी, गोधडीवर शाल, माझ्या मानेवरून घामाच्या धारा, आणि काकी मात्र कुडकुडताहेत. काकांनी ते गोल बटण लाल खुणेकडे फिरवलं. हवा आली, पण साधी. त्यांनी हात उलटा धरला, पुन्हा धरला, बटण पार टोकापर्यंत पिळलं. "हीटर नाय लागत," म्हणाले. सोमवारी सकाळीच गाडी घेऊन संतोषकडे. मला सुट्टी होती, मीही गेले.

"काका, हीटर?" संतोष हसलाच. "कुठे, काश्मीरला चाललात की काय?"

काका हसले नाहीत. तेव्हा त्याने बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनातलं गरम पाणी आत हीटरच्या कॉइलकडे जातं तो पाईपच कापून, वळवून परत इंजिनाला जोडलेला. म्हणजे गाडीला हीटर आहे, पण त्याच्याकडे पाणीच जात नाही.

"इकडे सगळे असंच करतात काका," संतोष म्हणाला. "कॉइल जुनं झालं की गळतं, पाणी पायात येतं. बदलायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवा. कोण करणार? आपल्याकडे हीटर लागतो कोणाला? पाईप बायपास करायचा, विषय संपला. मी स्वतः किती गाड्यांचे केलेत."

यात त्याची तरी काय चूक? आमच्या वसई-विरारमध्ये जन्म गेला तरी हीटर चालू करायची वेळ येत नाही. त्या बटणाची लाल बाजू आहे हेच कित्येकांना माहीत नसेल. पण त्या सकाळी मला सगळ्या मेकॅनिक लोकांचा असा संताप आला! काकींसारखं कोणी असेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि आता दाद मागायची कोणाकडे?

काका म्हणाले, "पानी परत सोड आत."

कॉइल मिळता मिळेना. कोणी ठेवतच नाही, कारण कोणी मागतच नाही. संतोषने कुठून तरी जुन्या गाडीतलं पैदा केलं. डॅशबोर्ड उतरवला, कॉइल बसवलं, पुन्हा चढवलं. पुढच्या फेरीला येताना गरम हवा आली, आणि काकांचा चेहरा असा काही फुलला की मी घामाने निथळत असूनही टाळ्या वाजवल्या.

जाताना मात्र एसीमधून कोमट वारा. डॅशबोर्डच्या आत एक झडप असते, गरम-थंड वेगळं ठेवणारी. जुन्या प्लास्टिकची ती झडप उतरवता-चढवताना मोडली होती. आता कॉइल सदैव तापलेलं आणि झडप सदैव उघडी. झडप सुटी मिळत नाही, अख्खी पेटी घ्यावी लागते, आणि ती पेटी येणं बंद झालेलं. एक धरायला जावं तर दुसरं सुटतं, अशातली गत. संतोष बिचारा वरमला होता. डोकं खाजवत म्हणाला, "काका, एकच होईल. सांगा, थंड पाहिजे की गरम?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्याला प्रश्नच कळलेला नाही असं त्यांना वाटलं असावं.

"जाताना थंड," ते म्हणाले, "येताना गरम."

एवढंच मागणं होतं हो माणसाचं. मला तिथे रडू यायला लागलं म्हणून मी उगाच फोन कानाला लावून बाहेर जाऊन उभी राहिले.

दोन दिवसांनी काका वर आले. डोळे चमकत होते. "वैशाली, जमला," म्हणाले. मला ओढत पार्किंगमध्ये नेलं, बॉनेट उघडलं. हीटरच्या पाईपवर त्यांनी एक नळ बसवला होता. वाडीतल्या पाण्याच्या लाइनचा, लाल मुठीचा, प्लास्टिकचा नळ. "वाडीत कसा, एका वाफ्याला पानी पायजे, दुसऱ्याला नको. आपन काय वाफा उचलतो? पानी वळवतो. जाताना नळ बंद. तिचं झालं की उतरायचं, नळ खोलायचा, की गरम."

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. मीच म्हणाले, "काका, कमाल केलीत!" इंजिनातलं पाणी किती उकळतं आणि वाडीतलं पाणी किती गार असतं, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

त्याच शनिवारी, येताना, वालीवच्या रस्त्यावर फट् असा आवाज झाला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट. समोरचं काही दिसेना. काकांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. नळ मऊ पडून फुटला होता. सगळं पाणी रस्त्यावर, इंजिन तापून लाल. मागून ट्रकवाले हॉर्न मारताहेत. काका उतरले, वाफेकडे नुसते बघत उभे राहिले. कान लावायला गेले नाहीत. मग एकदम डबा उचलला आणि समोरच्या कारखान्याच्या गेटकडे पाणी मागायला पळाले. चप्पल एक तिथेच राहिली.

मी काकींना बाहेर काढलं आणि एका गाळ्याच्या पायरीवर बसवलं. भर दुपार, सावलीचा पत्ता नाही, पायरी अशी तापलेली की मला हात टेकवेना. काकी गोधडी घट्ट ओढून उन्हात बसल्या आणि कुडकुडत राहिल्या. गाळ्यातली माणसं येऊन बघून गेली. एकाने पाणी विचारलं, दुसऱ्याने रिक्षा थांबवायला धाव घेतली.

"हा ऊन बघतेस ना?" काकी म्हणाल्या. दातांतून शब्द नीट फुटत नव्हते. "हाच लागत नाय मना. मग त्यांचा हीटर काय लागनार?"

मला क्षणभर कळेना त्या काय म्हणताहेत.

"ही थंडी बाहेरची नाय गो. आतून येते. हीटर चालला काय नि बंद पडला काय, सारखंच."

"पण काकी, तुम्ही तर दर वेळी म्हणता, आता बरं वाटतं?"

"मग काय सांगू?" त्या एकदम चिडल्या. "डॉक्टर बोलतात, ह्यावर उपाय नाय. ह्यांना उपाय नाय म्हटलेलं कळत नाय. सगळा वेळ हे माझ्या उशाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत बसतील. त्यापेक्षा त्या गाडीत डोकं घालून हायत ते बरं. तू बोलू नको त्यांना. माझी शपथ."

तेवढ्यात काका आले. डबा हिंदकळत, एक पाय अनवाणी, शर्ट भिजलेला. काकींसमोर उकिडवे बसले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "चुकलो गो. पितळेचा लावायला पायजे होता."

"लावा की मग," काकी म्हणाल्या. "मगाशी गरम येत होता तेव्हा किती बरं वाटत होतं."

मी रिक्षावाल्याकडे तोंड फिरवलं. त्या शपथेचा मला पुढे कितीदा राग आला म्हणून सांगू! खाली जाऊन ओरडून सांगावंसं वाटायचं, काका, थांबवा हे सगळं. आणि थांबवून त्यांनी करायचं काय, हे माझं मलाच सुचायचं नाही. मग मी पोळ्या लाटायला लागायची.

पितळेचा नळ बसला. संतोषने स्वतः बसवला, दोन्हीकडे क्लिपा आवळून. आणि तो चालला. पावसाळाभर चालला, दिवाळीनंतरही चालला. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये दर वेळी तोच सोहळा. काकींना मी धरून आणायची, काका आधीच बॉनेट उघडून उभे. हाताला फडकं गुंडाळून नळ फिरवायचे, बॉनेट दाणकन लावायचे, आत बसून हात उलटा जाळीसमोर धरायचे. वॉचमन सुरुवातीला विचारायचा, "काय बिघडलं काका?" नंतर तोच काकी दिसल्या की हाक मारायचा, "काका, नळ!" येताना गाडीची भट्टी. काका घामाने चिंब, मी चिंब. काका पुन्हा पुन्हा विचारायचे, "कमी झाली का गो थंडी?" आणि काकी डोळे मिटूनच म्हणायच्या, "हो, आता बरं वाटतं." काका आरशात मला बघून मान डोलवायचे. जिंकल्यासारखे. मीही मान डोलवायची. दुसरं काय करणार?

मग तो शनिवार आला. तो काकींचा शेवटचा शनिवार हे तेव्हा कुणाला माहीत होतं? त्या दिवशी काकींना व्हीलचेअरवरून आणावं लागलं. ओठ निळसर, हात लाकडासारखे. मागच्या सीटवर आडवं करून मी त्यांना दोन्ही पांघरुणं घातली. काकांनी नळ खोलला, इंजिन चालू केलं, बटण लालवर. हवा अशी गरम की जाळीसमोर हात धरवत नव्हता. काकांनी हात उलटा धरला, समाधान झालं. मग ते उतरले, मागचं दार उघडलं आणि पांघरूण नीट करताना तोच हात काकींच्या पायाला लागला.

तो हात तिथेच थांबला. त्यांनी पुन्हा पुढे येऊन जाळीसमोर हात धरला. पुन्हा मागे जाऊन पायांना लावला. पुढे. मागे. मी बघत होते. त्यांच्या तोंडावर कुठलाही भाव नव्हता. एसी चालतोय की नाही ते बघताना असतो तसाच चेहरा.

"वैशाली," ते म्हणाले, "तुला गाडी येते ना चालवायला?"

"हो, काका."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे बसले. काकींचे पाय मांडीवर घेतले. शर्टाची बटणं काढली आणि ते दोन्ही पाय आत, पोटाला लावून धरले. थंडगार लागले असणार, कारण त्यांचं अंग एकदम शहारलं.

मी गाडी काढली. हीटर बंद करा असं कोणी म्हणालं नाही, मीही केला नाही. घाम डोळ्यांत जात होता. पुलाच्या चढावर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या, तेव्हा मी आरशात बघितलं. काका वाकून काकींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारत होते.

"कमी झाली का गो?"

मी वाट बघत होते, आता त्या म्हणतील.

"नाय वो," काकी म्हणाल्या. "नाय होत कमी."

 काकांनी शर्टाच्या आतले पाय आणखी घट्ट धरले. पुढची गाडी हलली.

"वैशाली, सावकाश घे," ते म्हणाले. "पुढे खड्डे हायत."